घंटी का वाजली नाही? : एका बझर-संचाचे परीक्षण

"बाई, मी दाबलं होतं." आमची नववीतील विद्यार्थिनी हे वाक्य तीनदा म्हणाली. चौथ्यांदा ती काही बोलली नाही.

विज्ञान दिनानिमित्त शहाड आणि आसपासच्या काही शाळांची प्रश्नमंजूषा आमच्या शाळेत भरली होती. चार संघ, प्रत्येकापुढे एक चपटी डबी, डबीवर एक लाल कळ. जो संघ आधी कळ दाबील त्याचा दिवा लागतो, घंटी वाजते आणि बाकीच्या तीन कळा बंद होतात. शेवटचा प्रश्न होता : लोलकाची लांबी चौपट केली तर आवर्तकाल किती पट होईल? आमच्या मुलीने 'दुप्पट' हे उत्तर कागदावर लिहूनसुद्धा ठेवले होते. तिने कळ दाबली, पण घंटी वाजली ती शेजारच्या संघाची. तिने तक्रार केली तेव्हा परीक्षकांनी स्वतः येऊन तिची कळ एका बोटाने दाबली. घंटी लगेच वाजली. "यंत्र ठीक आहे," असा निर्णय झाला. आम्हीही तिला वर सांगितले, "अगं, जरा जोरात दाबायचं ना!"

हा सल्ला किती चुकीचा होता हे आम्हांला चार दिवसांनी, डबी उघडल्यावर कळले. ती जितक्या जोराने दाबत होती तितकी घंटी न वाजण्याची शक्यता वाढत होती. हे कसे, ते सांगण्यासाठी आणि ज्या संचातून हे यंत्र तयार झाले त्याचे परीक्षण करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. संचाचे आणि उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही. असे अनेक संच बाजारात आहेत, आणि त्यांतील दोष एका उत्पादकापुरते नाहीत. शिवाय काही वाटा आमचाही आहे.

संचात काय चांगले आहे?

आधी गुणांविषयी बोलू. 'पहिला कोण' हे ठरवणारे मंडल नेटके आहे. एका संघाची कळ लागताच उरलेल्या तिघांचा मार्ग बंद होतो, आणि हे काम मायक्रोसेकंदांत होते. माहितीपत्रकात मंडलाची आकृती आहे, भागांची यादी आहे, रोधांवरील रंगांचे पट्टे कसे वाचायचे तेही दिले आहे. दहावीच्या मुलांनी दोन शनिवारांत हा संच जोडला होता आणि जोडताना ती बरेच शिकली होती. म्हणजे विद्युतशास्त्राच्या दृष्टीने संच उत्तीर्ण आहे.

पण जेथे माणसाचे बोट यंत्राला भेटते त्या जागेविषयी माहितीपत्रकात एकच वाक्य आहे : 'चार बटणे दाखविलेल्या जागी बसवून सोल्डर करा.' आमची सारी टीका या एका वाक्यावर आहे.

कळीच्या पोटात

ही कळ म्हणजे आपल्या भिंतीवरच्या घंटीची मोठी कळ नव्हे. चौरस, ६ मिलिमीटर लांब-रुंद, दांड्यासकट उंची ४.३ मिलिमीटर आणि चार पाय असे तिचे रूप असते. दुकानदार तिला 'टॅक्ट स्विच' किंवा 'मायक्रो बटण' म्हणतात. शहाडहून कल्याण, दादर करत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळते. निकामी रेडिओ, संगणकाचा माऊस, मोटारीची दूरनियंत्रक किल्ली यांतही तिचीच भावंडे सापडतील.

अशी एक कळ घेऊन वरचे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे झाकण पातीने उचकटा. आत पातळ धातूची, उपड्या वाटीसारखी फुगीर चकती दिसेल. वाटीची कड एका संपर्काला टेकलेली असते आणि दुसरा संपर्क तिच्या मध्याखाली असतो. दांडा दाबला की वाटीचा मध्य 'टिक' करून खाली वळतो आणि दोन्ही संपर्क जोडले जातात. बोट काढले की वाटी पुन्हा फुगते. हा सगळा प्रवास साधारण पाव मिलिमीटरचा, म्हणजे ०.२५ मिमी. लागणारे बळ नेहमीच्या कळीत सुमारे १.६ न्यूटन असते. १६० ग्रॅम वजन ठेवल्यासारखे.

अशा साध्या कळीचे आयुष्य सहसा १ लाख दाबांचे सांगितले जाते. एका प्रश्नमंजूषेत सरावासह एक कळ २०० वेळा दाबली जाते असे धरले, तर ती ५०० प्रश्नमंजूषा टिकायला हवी. आमचे यंत्र सहाव्या कार्यक्रमात बिघडले. तेव्हा कळ झिजली म्हणून बिघाड झाला, हे संभवत नाही.

आमचा पहिला संशय संपर्कांवर होता. अशा कळींच्या संपर्कांवर बहुधा चांदीचा मुलामा असतो, आणि चांदी हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळी पडते. देवघरातील निरांजनाचे जे होते तेच येथे होते. विद्युतधारा अगदी लहान असेल तर हा काळा थर तिला अडवू शकतो. म्हणून क्षीण संकेतांसाठी सोन्याचा मुलामा असलेल्या कळा वापरतात. आम्ही बिघडलेली कळ काढून उघडली. संपर्क स्वच्छ होते. मीटर लावून दाबले तर कळ दर वेळी जुळत होती. दोष कळीत नव्हता, ती जेथे बसवली होती तेथे होता.

बळ कोठून कोठे जाते?

आता विद्युतशास्त्र बाजूला ठेवून यंत्रशास्त्राकडे वळू. बोटाने कळ दाबली की ते बळ कोठे जाते? कळीचे बूड पाटीला, म्हणजे मुद्रित मंडलाच्या बोर्डाला, सपाट टेकलेले असेल तर बळ बुडातून पाटीत, पाटीतून स्क्रूत आणि डबीतून टेबलावर जाते. पायांवर आणि सोल्डरवर जवळजवळ काहीच भार येत नाही. त्यांनी फक्त विद्युतधारा वाहायची.

बूड अर्धा मिलिमीटरही अधांतरी राहिले तर चित्र पालटते. मग कळ चार पायांवर उभी असते. बोटाचे सगळे बळ पायांतून खाली येते. आमच्या संचातील पाटी एका बाजूला तांबे असलेली, तपकिरी रंगाची, कागद आणि फेनॉलिक राळेची आहे. भाग वरच्या बाजूला आणि तांबे खालच्या बाजूला. पाय भोकातून खाली येतो आणि तेथे तांब्याच्या लहानशा चकतीला सोल्डरने जोडलेला असतो. हे तांबे सहसा ०.०३५ मिमी जाडीचे, आणि पाटीला फक्त चिकटवलेले. पाय वरून खाली रेटला गेला की तो या चकतीला पाटीपासून दूर ढकलतो. भिंतीवर चिकटवलेला कागद मागून बोटाने ढकलावा, तसे.

१.६ न्यूटनला ही चकती कदाचित दाद देणार नाही. पण प्रश्नमंजूषेतला मुलगा १.६ न्यूटनने दाबत नाही. स्वयंपाकघरातील तराजूवर अंगठा ठेवून 'घंटी दाब' म्हणून सांगा. काटा सहज २ किलोग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे सुमारे २० न्यूटन. कळीला लागणाऱ्या बळाच्या बारापट. कळ कधी जुळली ते उत्साही बोटाला कळत नाही. ते थांबत नाही.

आमच्या कळा अधांतरी का राहिल्या? या कळीच्या पायांना मुद्दाम थोडा बाक दिलेला असतो, म्हणजे ती भोकात 'टक्' करून अडकते आणि पालथी केली तरी पडत नाही. त्यासाठी भोके पुरेशी मोठी हवीत. आमच्या पाटीची भोके किंचित लहान होती. पाय पूर्ण आत गेले नाहीत, मुलांना ते कळले नाही, आणि त्यांनी आहे त्या उंचीवर सोल्डर करून टाकले. माहितीपत्रकात 'बूड पाटीला टेकले आहे ना ते पाहा' एवढे सात शब्द असते तर हे टळले असते.

वाकणारी पाटी

यावर दुसरी अडचण. प्रत्येक डबीत कळीसाठी एक अरुंद पट्टी आहे. ती दोन टोकांना स्क्रूंनी बसवली आहे, स्क्रूंमधील अंतर ६० मिमी, आणि कळ बरोबर मध्यभागी. खाली आधार काही नाही. डबीचे झाकण काढून, डोळे पट्टीच्या पातळीत आणून कळ जोराने दाबा. पट्टी धनुष्यासारखी वाकलेली नुसत्या डोळ्यांना दिसते.

दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीच्या मध्यावर भार दिला तर तिचा बाक अंतराच्या घनाच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लोलकाच्या प्रश्नात वर्गमूळ होते, येथे घन आहे. स्क्रूंमधील अंतर ६० ऐवजी ३० मिमी केले तर बाक निम्मा होत नाही, एक-अष्टमांश होतो. उलट पैसे वाचवण्यासाठी १.६ मिमीऐवजी ०.८ मिमी जाडीची पट्टी घेतली तर बाक आठपट. हा प्रयोग वर्गात प्लॅस्टिकची फूटपट्टी, दोन पुस्तके आणि काही वजने घेऊन करता येतो. घन-संबंधाचे इतके हाताला जाणवणारे उदाहरण आम्हांला तरी दुसरे ठाऊक नाही.

पट्टी खाली वाकते तेव्हा तिचा वरचा पृष्ठभाग आवळला जातो आणि खालचा ताणला जातो. तांबे खालीच आहे. उचकटलेल्या चकतीच्या कडेला, जेथून तांब्याची वाट निघते तेथे, केसाएवढी चीर पडली होती. पट्टी सरळ असताना चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकत आणि धारा वाहे. पट्टी वाकली की खालची बाजू ताणली जाई आणि चीर उघडे.

आम्ही मीटर लावून हे तपासले. हलक्या बोटाने कळ दाबली, मीटर वाजला. दाब वाढवत नेला, मीटर बंद झाला. सैल सोडले, पुन्हा वाजला. परीक्षकांनी शांतपणे, एका बोटाने, हलकेच दाबले होते. आमच्या मुलीने जीव तोडून दाबले होते. दोघांनाही यंत्राने खरे तेच दाखवले, पण निर्णय एकाच निरीक्षणावर झाला. ज्या परिस्थितीत बिघाडाची तक्रार आहे ती परिस्थिती पुन्हा निर्माण न करता 'यंत्र ठीक आहे' म्हणणे ही प्रायोगिक पद्धतीतील चूक होती. ती विज्ञान दिनाच्या दिवशी, विज्ञान शिक्षकांच्या साक्षीने झाली.

येथे संचाच्या आखणीतली आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. कळीला पाय चार असले तरी संपर्क दोनच. चार पायांच्या दोन जोड्या आतून जोडलेल्या असतात. जोडीतील दोन्ही पाय तांब्याच्या वाटेने जोडले असते तर एक चकती उखडली तरी दुसरा पाय काम निभावून नेता. आमच्या पट्टीवर प्रत्येक जोडीतील एकच पाय वापरला होता. उरलेले दोन पाय कोठेच न जाणाऱ्या चकत्यांवर उभे होते. तेवढे तांबे पाटीवर होतेच. अम्लात विरघळवून टाकण्याऐवजी ठेवायचे होते.

पाव मिलिमीटरचा हिशेब

तिसऱ्या संघाची तक्रार उलटी होती. त्यांची घंटी टेबलाला धक्का लागला तरी वाजे. त्यांना दोनदा 'घाई केल्याबद्दल' ताकीदही मिळाली. हे दोन वेगळे बिघाड आहेत असे आम्हांला वाटले होते. कारण एकच निघाले.

डबीच्या झाकणात लाल रंगाची प्लॅस्टिकची टोपी आहे. तिच्या पोटातील खुंटी खालच्या कळीच्या दांड्यावर दाबते. झाकणाच्या आतल्या बाजूपासून पाटीपर्यंतचे अंतर ६ मिमी. खुंटी १.४ मिमी. कळ ४.३ मिमी. बेरीज ५.७, म्हणजे फट उरते ०.३ मिमी. कागदावर हिशेब बरोबर आहे. आता कळ अर्धा मिलिमीटर अधांतरी बसली असे धरा. बेरीज ६.२ होते. झाकण लावताच कळ ०.२ मिमी दाबली जाते, आणि तिचा एकूण प्रवासच ०.२५ मिमी आहे. घंटी वाजण्याला उरले ०.०५ मिमी. टेबलाचा धक्का तेवढ्याला पुरे.

मग आमच्या मुलीच्या डबीत असे का झाले नाही? तिथेही कळ प्रथम अधांतरीच होती. पण ती डबी सरावासाठी सर्वांत जास्त वापरली गेली होती. दाबून दाबून कळ खाली बसली, बूड पाटीला टेकले. मात्र त्यासाठी खालच्या चकत्या उखडल्या. तिसऱ्या संघाची डबी त्याच वाटेवर होती, फक्त मागे होती.

बुटक्या कळीचा येथे दोष नाही, हेही नमूद करू. उंच दांड्याची कळ तिरकी दाबली तर तरफेमुळे पायांवर जास्त आघूर्ण येते. दांडा जितका बुटका तितके ते कमी. म्हणून बुटकी कळ निवडणे शहाणपणाचेच आहे. मात्र कळ बुटकी झाली की तिच्या भोवतीच्या प्रत्येक मापात चूक करण्याची मुभाही कमी होते. वॉशर, खुंटी, झाकणाचा बाक, सोल्डरची उंची या सगळ्यांच्या चुकांची बेरीज पाव मिलिमीटरच्या आत बसवावी लागते. हे ज्याने पत्करले त्याने मापे सांगायला हवीत. आमच्या माहितीपत्रकात रोधांची मापे शंभर टक्के आहेत, उंचीचे माप एकही नाही.

चपटेपणाची हौस आणि बोटाचा विचार

अशी चूक फक्त लहान उत्पादकच करतात असे मात्र नाही. २०१५ साली ॲपल कंपनीने आपल्या नव्या मॅकबुकमध्ये फुलपाखराच्या पंखांसारखी उघडमीट होणारी, फार कमी प्रवासाची कळयंत्रणा आणली. संगणक आणखी पातळ झाला. पण कळीखाली धुळीचा कण गेला तरी अक्षर उमटेना, किंवा दोनदा उमटे. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीस जुनी कात्रीसारखी यंत्रणा परत आणावी लागली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलर देण्याची तडजोड करावी लागली.

उलट चांगली उदाहरणे आपल्या घरातच आहेत. टीव्हीचा बंद पडलेला रिमोट उघडा. पाटीवर एकही कळ सोल्डर केलेली दिसणार नाही. पाटीवर फणीच्या दातांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या वाहक रेघा असतात; वरच्या रबरी चादरीच्या प्रत्येक फुगवट्याखाली कार्बनची काळी टिकली असते. दाबले की टिकली रेघा जोडते. पाय नाहीत, सोल्डर नाही, म्हणून उखडायलाही काही नाही. डबी पाटीला खालून जागोजागी आधार देते.

२०१६ साली ब्रिटनमधील सुमारे १० लाख शाळकरी मुलांसाठी काढलेली मायक्रोबिट ही पाटी पाहा. तिच्यावर कळा थेट बसवलेल्या आहेत. पण पाटी जेमतेम ५ सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद. मूल ती हातात धरते तेव्हा अंगठा कळीवर आणि तर्जनी बरोबर पाठीमागे येते. आधार आपोआप मिळतो.

आणि आपल्या देशातली सर्वांत परिचित कळ म्हणजे मतदान यंत्राची. १९८२ साली केरळमधील परूर मतदारसंघात ती प्रथम वापरली गेली, २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर आली. तिच्या इतर बाजूंविषयी आम्ही येथे बोलत नाही. फक्त एक गोष्ट पाहा : निळी कळ दाबली की नावासमोर लाल दिवा लागतो आणि लांब शिट्टी ऐकू येते, दृष्टिहीनांसाठी कळीशेजारी ब्रेल आकडे आहेत. पुढे जोडलेल्या यंत्रात कागदाची चिठ्ठीही ७ सेकंद दिसते. कळ दाबणाऱ्याला 'तुझे म्हणणे पोचले' ही खूण मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. आमच्या बझरमध्ये खूण फक्त जिंकणाऱ्याला मिळते. हरणाऱ्याने दाबले की नाही याची नोंद कोठेच होत नाही. प्रत्येक डबीवर 'कळ जुळली' एवढे सांगणारा एक लहान दिवा असता तर त्या दिवशी वाद पाच सेकंदांत मिटला असता.

पाठ्यपुस्तक आणि आम्ही

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत कळ म्हणजे तुटलेली रेघ. रेघ जुळली की मंडल पूर्ण. ही चिन्हाची भाषा आवश्यक आहे, पण मुले ती वस्तूचे वर्णन समजतात. खऱ्या कळीला उंची असते, बूड असते, बळ लागते. जुळताना ती काही मिलिसेकंद थरथरते आणि एका दाबात अनेकदा जुळते-सुटते. मोजणी करणाऱ्या मंडलाला ही थरथर दहा दाब वाटू शकते. १० किलोओहमचा रोध आणि १ मायक्रोफॅरडचा धारित्र जोडून १० मिलिसेकंदांचा कालांक मिळवला की ती बरीचशी गाळली जाते. हे सांगायला फार वेळ लागत नाही, पण आकृतीत ते दिसत नाही म्हणून आपण सांगत नाही.

आमचा वाटा येथे आहे. यंत्र तयार झाल्यावर आम्ही दिवे तपासले, घंटी तपासली, विद्युतघटाचा दाब मोजला. कळा मात्र 'वाजते ना' एवढेच पाहून सोडल्या. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून 'करत करत शिकणे' या मार्गाने काम चालते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेल्या त्या आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅबही उभी राहिली. तेथील विचारातून एक कसोटी आपण घेऊ शकतो : मुलाने केलेली वस्तू खरोखर वापरात टिकते का? आमचा संच 'करून पाहा' या पायरीवर थांबला होता, 'वापरून पाहा' पर्यंत पोचलाच नव्हता.

दुरुस्ती

आम्ही केलेले बदल साधे आहेत. भोके १ मिमीच्या पात्याने मोकळी केली. नवी कळ बसवताना आधी एकच पाय सोल्डर केला. मग कळ वरून बोटाने पाटीवर दाबून धरली आणि तोच पाय पुन्हा तापवला, म्हणजे बूड टेकले. बोट प्लॅस्टिकवर ठेवावे, पायाला लावू नये. नंतर तिरका समोरचा पाय, मग उरलेले दोन. प्रत्येक पायावर तापलेली सोल्डर गन किंवा इस्त्री तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. कळीचे प्लॅस्टिक मऊ पडते आणि फेनॉलिक पाटीवरील तांबे सुटते. सोल्डर केल्यावर पाटी द्रावणाने धुऊ नये, कारण उघड्या कळीत चिकट राळ शिरते. उखडलेल्या चकत्यांच्या जागी जोडीतील दोन्ही पायांना तारेचे तुकडे जोडले. जोड्या ओळखता येत नसतील तर समोरासमोरचे तिरके दोन पाय घ्यावेत. ते नेहमी वेगळ्या जोडीतले असतात. शेवटी प्रत्येक पट्टीखाली, बरोबर कळीच्या तळाशी, पेनाच्या नळीचा मापात कापलेला तुकडा आधार म्हणून बसवला. बाक जवळजवळ नाहीसा झाला. चारही डब्यांचा मिळून खर्च प्रयोगशाळेच्या मामांच्या एका दिवसाच्या चहापाण्याइतका झाला, आणि नळीची कल्पना मामांचीच.

संचाविषयी आमचा अभिप्राय असा : मंडलासाठी घ्यावा, डब्यांसाठी घेऊ नये. उत्पादकाने भोके मोठी करावीत, कळीखाली आधार द्यावा, दोन्ही पाय जोडावेत आणि माहितीपत्रकात कळ बसवण्याला निदान अर्धे पान द्यावे. त्याला आम्ही तसे पत्र पाठवले आहे.

मुलीविषयी सांगायचे राहिले. आम्ही तिला मीटर हातात देऊन तीच जुनी पट्टी दाबायला सांगितले. आधी हलके, मग जोरात. मीटर बंद झाला तशी तिने मान वर केली. "म्हणजे मी दाबलं होतं," ती म्हणाली. आम्ही वर्गासमोर तिची माफी मागितली. निकाल बदलता आला नाही. तो दुसऱ्या शाळेच्या नावावर लागून गेला होता.

आता आमच्याकडे नवा नियम आहे. प्रश्नमंजूषेपूर्वी प्रत्येक स्पर्धकाने आपली कळ स्वतः दहा वेळा दाबून पाहायची, पाच वेळा हलकेच आणि पाच वेळा शेवटच्या प्रश्नाला दाबतात तशी. आपल्या शाळेच्या कपाटातही असे एखादे यंत्र असेल. ते उघडून कळीचे बूड टेकले आहे का, खाली आधार आहे का, हे विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावे, आणि काय आढळले ते जरूर कळवावे.